आठवी बैठक

सगळे त्याला हेडमास्तर म्हणायचे. शाळा नववीत सुटली होती, म्हणजे खरं तर शाळेनंच त्याला सोडलं होतं. पण पुढची चाळीस वर्षं त्यानं इंजिनाच्या हेडशिवाय, म्हणजे सिलिंडरांवरच्या लोखंडी झाकणाशिवाय, दुसऱ्या कशाला हात लावला नाही, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. कोणी गिअरबॉक्स घेऊन आलं तर तो समोरच्या गल्लीकडे बोट दाखवून परत कामाला लागायचा. शेजारचा वेल्डर नव्या गिऱ्हाइकांना सांगायचा, मास्तर फक्त डोक्याचे डॉक्टर आहेत, गळ्याखाली दुखत असेल तर दुसरीकडे जा.

वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रा. दाराजवळ कापायचं मशीन आणि त्याचं दणकट टेबल. आत खिडकीखाली दुसरं टेबल, छोटं, त्यावर जाड काच. हे टेबल बायकोचं होतं.

लग्नानंतर सहा महिन्यांनी ती एकदा डबा द्यायला आली आणि राहिलीच. त्याआधी ती कपड्यांच्या कारखान्यात कापणी विभागात होती. तिथे एक नियम होता, ज्यानं कापलं त्यानं मोजायचं नाही. कापणाऱ्याच्या डोळ्याला जे हवं असतं तेच त्याला दिसतं. त्या दिवशी तिनं डबा ठेवला आणि नवऱ्याला स्वतःच कापलेलं स्वतःच मोजताना पाहिलं. त्याचं झाल्यावर तिनं व्हर्नियर मागून घेतला, कसा वाचायचा ते विचारलं, आणि त्यानं मोजलेलं परत मोजलं. त्यानं सांगितलेला आकडा आणि तिला दिसलेला आकडा यांत फरक होता. त्यानं तिला वाचायला नीट शिकवलं नसेल, असं त्याचं म्हणणं. तिचं म्हणणं वेगळं होतं, आणि दुपारपर्यंत तिचंच खरं ठरलं.

तेव्हापासून तो कापायचा आणि ती मोजायची. कापून झालं की हेड काचेच्या टेबलावर ठेवायचं आणि तो बाहेर वेल्डरच्या दारात जाऊन उभा राहायचा. तुम्ही शेजारी उभं राहून श्वास रोखता आणि त्यानं माझं लक्ष ढळतं, असं ती म्हणायची. माप बरोबर असेल तर ती टोकदार पोलादी सुईनं तो आकडा तिथेच, लोखंडावर कोरायची. कागदावर तिचा विश्वास नव्हता. वर्कशॉपमध्ये कागद आठ दिवसांत तेलकट होतो आणि पंधराव्या दिवशी कोणीतरी त्यानं हात पुसतं. माप चुकलं असेल तर दारापर्यंत येऊन एवढंच म्हणायची, "अहो, पुन्हा."

एकतीस वर्षं हे चाललं. मग तिच्या पोटाचं दुखणं निघालं आणि चार महिन्यांत सगळं संपलं.

त्याला आता चौदा महिने झाले होते. तो रोज वर्कशॉप उघडत होता, पण सोपी कामं तेवढी घेत होता. व्हॉल्व्ह घासून द्यायचे, हेडचा तळ सपाट करायचा, व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ते झिजलेलं गाइड बदलायचं. जिथे बारीक मापाचा प्रश्न असेल ते काम तो घेत नव्हता. लोकांना सांगायचा, नजर कमी झाली. नजर चांगली होती.

आणखी एक गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नव्हती. ती गेली आणि दोन महिन्यांनी वर्ष संपलं. दरवर्षीप्रमाणे त्यानं स्वयंपाकघरातलं जुनं कॅलेंडर काढून रद्दीत टाकलं आणि त्याच खिळ्याला नवं लावलं. आठवडाभरानं गॅस कधी आला होता ते बघायला तो कॅलेंडरपाशी गेला आणि कोऱ्या चौकोनांपुढे उभा राहिला. गॅस, दूध, लेकीचा फोन, डॉक्टरांच्या तारखा, सगळं ती त्यावर लिहायची. वर्षभराचं तिचं अक्षर त्यानं स्वतःच्या हातानं गुंडाळी करून रद्दीवाल्याला दिलं होतं. तो तसाच चपला घालून रद्दीवाल्याकडे गेला. माल पाच दिवसांपूर्वीच गेला होता. घरात शोधलं तर तिच्या सहीचे दोन बँकेचे कागद निघाले, पण सही म्हणजे काही अक्षर नव्हे. ती इतकी कमी लिहायची हे त्याला तेव्हा कळलं.

अशात एका सकाळी मेहुणा आला. तिचा धाकटा भाऊ, आई लवकर गेल्यामुळे तिनंच मोठा केलेला. पन्नाशी ओलांडली तरी तिला तो पोरच वाटायचा. हा माणूस शाळेची बस चालवायचा. आठवड्याचे पाच दिवस ताशी पंचवीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, आणि वर्षातून एकदा, डोंगराचा रस्ता बंद करून घड्याळ लावून एकेक गाडी सोडतात त्या शर्यतीत, स्वतःची जुनी गाडी घेऊन उतरायचा. ताई खाली घड्याळ घेऊन उभी राहायची. त्याच्या एका बगलेत लांब खोका होता आणि गाडीच्या डिकीत गोणपाटात गुंडाळलेलं हेड.

मास्तर म्हणजे मेहुण्याचे दाजी. त्यांनी खोका न उघडताच ओळखलं आत काय आहे ते. दोन वर्षांपूर्वी ताई, मेहुणा आणि ते, तिघांनी मिळून ज्याच्या गप्पा मारल्या होत्या तो शर्यतीचा कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. साधा कॅम व्हॉल्व्हला नऊ मिलिमीटर उघडतो, हा बारा उघडणार. तीन मिलिमीटरचा फरक. ऐकायला काहीच नाही, पण त्या तिनासाठी हेडच्या वरच्या बाजूचं सगळं बदलावं लागतं. व्हॉल्व्ह जास्त खाली जाणार म्हणजे त्याची स्प्रिंग जास्त दबणार. म्हणून स्प्रिंग मोठी आणि रुंद हवी. ती बसवायला हेडमध्ये तिची बैठक रुंद आणि खोल कापायला हवी. गाइडचं वरचं टोक आखूड करायला हवं, नाहीतर स्प्रिंगवरची वाटी खाली येऊन त्यावर आदळते. आणि एवढं करून स्प्रिंग पूर्ण दबल्यावरही तिच्या वेटोळ्यांमध्ये थोडी फट उरायला हवी. फट उरली नाही तर स्प्रिंग म्हणजे नुसता लोखंडी ठोकळा होतो, आणि मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर ठोकळ्याला धक्का बसला की काहीतरी तुटतं. व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर तुटतो, नाहीतर व्हॉल्व्हच तुटून पिस्टनवर पडतो.

दाजींनी नाही म्हटलं. नजरेचं कारण दिलं. मेहुण्यानं ते ऐकून घेतलं आणि चहा मागवला. दाजींनी पुन्हा नाही म्हटलं, या वेळी मशीन सैल झालंय म्हणाले. मेहुण्यानं मशीनकडे पाहिलं, मशीन चकाचक होतं.

"दाजी, दुसऱ्या कोणाकडे नेलं तर ताई वरून मला चपलेनं मारेल," मेहुणा म्हणाला. "ती म्हणाली होती, करू. तुम्ही होतात तिथे."

होता तो तिथे. ती दवाखान्यातल्या खाटेवर उशीला टेकून बसली होती आणि म्हणाली होती, घरी आले की करू. दाजींनी खोका मशीनच्या टेबलावर ठेवून घेतला.

शर्यत तीन आठवड्यांवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दार अर्धं लोटून घेतलं आणि हेड उघडायला घेतलं. अकरा वर्षांपूर्वी याच हेडचं काम दोघांनी केलं होतं. त्यानंतर ते त्याच्यासमोर कधी उघडलं नव्हतं. स्प्रिंगा बसवायचं काम तिचं, त्यामुळे शेवटी आत काय होतं ते तिनंच पाहिलेलं. त्यानं पहिली स्प्रिंग दाबून काढली, खालचं काळं तेल फडक्यानं पुसलं, आणि हात थांबला.

बैठकीच्या काठाला तिचा आकडा होता. बेचाळीस पूर्णांक पाच, म्हणजे बसवलेल्या स्प्रिंगची उंची, मिलिमीटरमध्ये. बारीक, सरळ, चाराचं डोकं जरा उघडं ठेवलेलं. ती चार तसाच काढायची.

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. तिनं कोरलेली शेकडो हेडं बाहेर गेली होती. पण ती लोकांची हेडं, लोकांच्या गाड्यांत गेली, गाड्या विकल्या, मोडल्या, भट्टीत गेल्या. परत येईल असं हे एकच होतं, आणि ते त्याच्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. त्यानं एकेक करून आठही स्प्रिंगा काढल्या. आठ बैठका, प्रत्येकीच्या काठाला तिचं अक्षर. आणि नवी स्प्रिंग इतकी रुंद होती की बैठक रुंद करायची म्हणजे पहिल्यांदा तो काठच जाणार.

तो दिवस त्यानं काहीच केलं नाही. एकदा फोन काढून फोटो घेतला. फोटोत आकडे दिसत होते, पण ते कोणाचेही वाटत होते. अंगठा फिरवला तर काच लागत होती, खाच लागत नव्हती. हेडवर अंगठा फिरवला की सुई कुठे जोरात दाबली आणि कुठे उचलली ते कळत होतं. वेल्डर डोकावला आणि म्हणाला, मास्तर, आज शाळेला सुट्टी का? तो हो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्यानं पहिली बैठक कापली. आधी आकड्यावर अंगठा फिरवला. कटर फिरायला लागला, राखाडी भुसा वर आला, आणि पंधरा-वीस सेकंदांत आकडा गेला. दुसरीला अंगठा घाईत फिरवला. तिसरीला फिरवायचाच विसरला, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. शुक्रवारपर्यंत सात बैठका झाल्या. आठही गाइडांची टोकं आखूड झाली. राहिली आठवी.

आठवीच्या काठाला एक आकडा नव्हता, तीन होते. एरवी ती बरोबर आलेलाच आकडा कोरायची, इथे चुकलेलेही होते. एकाखाली एक. बेचाळीस पूर्णांक एक, त्यावर काट. बेचाळीस पूर्णांक तीन, त्यावर काट. मग बेचाळीस पूर्णांक पाच, आणि त्याभोवती गोल.

तो दिवस त्याला चांगला आठवत होता. ही बैठक तिनं दोनदा परत पाठवली होती. दुसऱ्यांदा ती "अहो, पुन्हा" म्हणाली तेव्हा एक गिऱ्हाईक बसलं होतं आणि त्याचं टाळकं सरकलं. म्हणाला, तूच काप मग. ती म्हणाली, "मी कापलं तर मोजणार कोण? तुम्ही? तुम्हाला स्वतःच्या चपलेचा नंबर माहीत नाही." गिऱ्हाईक हसलं. तो तणतणत वेल्डरकडे जाऊन बसला, अर्ध्या तासानं परत आला आणि दात-ओठ खाऊन तिसऱ्यांदा कापली. तिनं मोजली आणि आकड्याभोवती गोल काढला. थर्मासमधला चहा आधी त्याच्या कपात ओतला. संध्याकाळी स्कूटरवर मागे बसून, निम्मा रस्ता गेल्यावर, म्हणाली, शेवटची बैठक सुरेख झाली हं. एवढंच. तो आठवडाभर शीळ घालत होता.

त्यानं कटर उतरवून ठेवला.

मग त्यानं जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्यानं त्याला वर्कशॉपच्या पायरीवर उभं केलं नसतं. आठवी त्यानं कापलीच नाही. कागदाइतक्या पातळ पोलादी पत्र्याची चकती कातरून त्या तीन आकड्यांवर ठेवली, म्हणजे स्प्रिंगच्या घर्षणानं ते पुसले जाऊ नयेत. तिच्यावर नवी स्प्रिंग ठेवली. वरची वाटी सगळ्यांत पातळ निवडली. तरी स्प्रिंग बाकीच्या सातांपेक्षा सव्वा मिलिमीटर उंच बसली. इतरांत पूर्ण दाबल्यावर दीड मिलिमीटर फट उरत होती. इथे त्यानं मोजलं तेव्हा पाव आला. पुन्हा मोजलं तेव्हा जवळजवळ अर्धा आला. तिसऱ्यांदा मोजलं असतं तर पाऊणही आला असता, पण तेवढी लाज अजून शिल्लक होती.

मनाची समजूत घालायला कारणं भरपूर होती. हा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, त्याला एवढा ताण नसतो. दीड मिलिमीटर हे पुस्तकवाल्यांचं माप, पुस्तकवाले नेहमी जास्त सांगतात. मेहुण्याची गाडी वर्षातून एकदा चार मिनिटं पळते. हातानं दाबून पाहिलं तर दबत होती. त्यानं हेड प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोरी बांधली.

शनिवारी मेहुणा न्यायला आला. उचलायच्या आधी त्यानं विचारलं, मोजलं कोणी? ताईच्या घरात वाढलेला, हा प्रश्न त्याच्या तोंडात बसलेलाच होता. दाजी म्हणाले, वेल्डरनं. मेहुण्याच्या भुवया वर गेल्या. वेल्डरला पत्र्याची जाडी बोटानं सांगताना त्यानं ऐकलं होतं. पण दाजींचा शब्द म्हणून त्यानं हेड उचललं आणि गेला.

रविवारी दाजी जेवायला बसले आणि पहिलाच घास परत ताटात ठेवला. भर दिवसाच्या उजेडात, घरात कोणी नसताना, तो सव्वा मिलिमीटर त्यांच्या पुढ्यात ताटाएवढा होऊन बसला. डोंगराच्या रस्त्यावर सातवं वळण आहे. तिथे डावीकडे कठडा नाही. मेहुणा तिथे गिअर खाली घेतो आणि इंजिन किंचाळेपर्यंत ओढतो. ताई दरवर्षी त्या वळणापर्यंतचे सेकंद मोजायची आणि गाडीचा आवाज पलीकडे ऐकू आला की मगच श्वास सोडायची. त्यांनी ताट झाकून ठेवलं आणि स्कूटर काढली.

मेहुण्याच्या घरामागे शेड होती. तो इंजिनावर वाकला होता. ताईनं शिकवलेलं तो अजून जसंच्या तसं करायचा. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली माती थापायची, हेड तात्पुरतं बसवायचं, इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं आणि हेड परत उतरवून मातीत व्हॉल्व्हचा ठसा किती खोल उमटला ते बघायचं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडत नाही ना, याची ती खात्री. हेड नुकतंच उतरवलं होतं. तो ब्लेडनं माती कापून जाडी बघत होता आणि खुशीत होता.

"या दाजी. मस्त जमलंय. लोण्यासारखं फिरतंय."

दाजींनी हेडकडे पाहिलं. आठवी स्प्रिंग सातांच्या शेजारी निमूट बसलेली. पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. मेहुणा सांगत होता, या वर्षी तो गाडी राखून चालवणार नाही, काटा लाल रेषेला टेकवणार. पोरं त्याला म्हातारा म्हणायला लागली आहेत. आणि ताईचं नाव तो गाडीच्या दारावर लिहून घेणार आहे, घड्याळवाली म्हणून. तो हसत होता. दाजींना एवढंच करायचं होतं, गप्प बसायचं. शर्यत झाली असती, कदाचित काही झालंही नसतं. फट पाव मिलिमीटर का होईना, होती.

"आठवी उघड," ते म्हणाले.

मेहुण्याला कळलं नाही. दाजींनी बोट दाखवलं. त्यानं स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प लावला, खिळी काढली, वाटी उचलली, स्प्रिंग बाजूला ठेवली. खाली पातळ पत्र्याची चकती दिसली. ती त्यानं नखानं उचलली.

बराच वेळ तो वाकूनच होता. मग त्यानं बाकीच्या सात बैठका पाहिल्या, रुंद, खोल, लखलखीत, आणि पुन्हा आठवीकडे आला. त्यानं हात पँटला पुसले. बोट आकड्यांवर फिरवलं, पहिल्या काटेवरून, दुसऱ्या काटेवरून, गोलावरून.

"वेल्डरनं मोजलंच नाही ना," तो म्हणाला.

दाजी म्हणाले, नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, कॅलेंडरसकट. ते सांगताना त्यांना वाटलं होतं मेहुणा चिडेल. तो चिडला असता तर बरं झालं असतं. मेहुणा उठून कोपऱ्यात गेला आणि जुना कॅम घेऊन आला. म्हणाला, राहू दे. हाच टाकतो. नऊ मिलिमीटरवर इतकी वर्षं पळालो, आणखी एक वर्ष पळेन. शेवटून तिसरा येतो, तसाच येईन. हे असू दे असंच.

त्यानं ते मनापासून म्हटलं होतं. दाजींच्या जिवात क्षणभर इतका गारवा आला की त्यांना तिथेच बसावंसं वाटलं. हो म्हणायचं आणि हेड उचलून घरी न्यायचं. स्वयंपाकघरात ठेवलं असतं त्यांनी ते, कोण विचारणार होतं. पण सातांचं काय? सात तर कापून झाल्या होत्या. मोठ्या बैठकांत जुन्या स्प्रिंगा हलतील. आता हे हेड जुन्या कॅमचंही राहिलं नव्हतं आणि नव्याचंही झालं नव्हतं. दाजींनी हे मेहुण्याला सांगितलं. मेहुणा म्हणाला, मग गाडीच नाही काढत या वर्षी.

"ती काय म्हणाली असती?" दाजींनी विचारलं.

"ती?" मेहुण्यानं जुना कॅम खाली ठेवला. "तिनं तुम्हाला घराबाहेर काढलं असतं. आणि मला, हे हेड तसंच घेऊन गेलो म्हणून, तुमच्या मागोमाग."

दोघंही हसले. हसता हसता मेहुण्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो पाठमोरा होऊन मातीचे तुकडे गोळा करायला लागला. ताई गेल्यापासून तो दाजींसमोर एकदाही रडला नव्हता. रडला असता तर दाजींना धीर कोण देणार, असं त्याच्या बायकोनं त्याला बजावलं होतं. हे त्यानं तसंच पाठमोरं सांगितलं आणि दाजींना आज कळलं. त्यांना वाटत होतं, बसवाल्याचं काळीज जरा घट्ट असतं.

दोघांनी हेड गाडीत ठेवलं आणि वर्कशॉपला आले. दुपारचे तीन वाजले होते. रविवारची गल्ली बंद होती, वेल्डरच्या दाराला कुलूप. दाजींनी हेड मशीनवर बसवलं, आडवं-उभं सारखं केलं, आठव्या गाइडवर कटर आणला. मेहुणा शेजारी उभा होता. दाजींनी त्याला मागे जायला सांगितलं नाही.

ते वाकले आणि एकदा तीनही आकडे वाचले, मोठ्यानं, वरून खाली, जणू दुसऱ्या कोणाला उतरवून घ्यायचे आहेत. मग मशीन सुरू केलं.

कटर पहिल्यांदा गोलाला लागला. मग पाचाला, मग चाराच्या उघड्या डोक्याला. राखाडी भुसा कडेनं वर येत होता आणि दाजी ब्रशनं तो बाजूला सारत होते. ते घाई करत नव्हते आणि रेंगाळतही नव्हते. अशा कामात दोन्ही चुकतं, हात एका वेगानं चालला पाहिजे. काट मारलेले आकडे गेले. मग नुसता काठ गेला. मग कटर खाली खाली कापत गेला आणि खालून कोरं लोखंड चमकायला लागलं, बाकीच्या सातांसारखं. त्यांनी मशीन बंद केलं.

मेहुण्यानं खिडकीजवळच्या टेबलावरून व्हर्नियर आणला होता. दाजींनी त्याला वाचायला कसं ते सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, येतं, लहानपणी तिनं गृहपाठाऐवजी हेच करून घेतलंय. वर्कशॉपमध्ये खूप दिवसांनी कोणीतरी तिच्याबद्दल नेहमीच्या आवाजात बोललं होतं.

दाजींनी भुसा फुंकला. फडक्यानं बैठक पुसली. मग जिथे काठ होता तिथे बोट ठेवलं. सपाट, गुळगुळीत. आणि गरम. कापल्याची ऊब अजून होती, आजारी माणसाच्या कपाळाला असते तेवढी. त्यांनी बोट तसंच ठेवलं.

मेहुणा व्हर्नियर उघडून वाट बघत होता. "दाजी, बोट काढा. मोजायचंय."

"थांब जरा," दाजी म्हणाले. "गरम लोखंडाचं माप खरं येत नाही. निवू दे."

मेहुण्यानं व्हर्नियर मिटला, स्टूल ओढलं आणि बसला. बोटाखालचं लोखंड सावकाश निवत होतं.